गावाचं हेरिटेज धोरण अपडेट करताय? यादी थांबू द्या, आधी धोकादायक इमारतीची नोटीस बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गिरणेकाठच्या तुमच्या नगरपरिषदेकडे वारसा जतनाचं एक जुनं धोरण आहे, म्हणजे दोन पानांचा ठराव आणि खाली नावांची यादी. आता डीपीचं, म्हणजे गावाच्या विकास आराखड्याचं रिव्हिजन सुरू झालंय म्हणून सीओ साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, ते अपडेट करून मागितलंय, आणि सभागृहात दोन तट पडलेत. एक म्हणतो यादी वाढवा, दुसरा म्हणतो यादीत नाव गेलं की घरमालक उद्या आपल्या ओट्यावर येऊन बसतील. नेमकं काय बदलायचं आणि कुठून सुरुवात करायची.

मी जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो, त्यामुळे माझं उत्तर जरा एकतर्फी वाटेल, पण माझं म्हणणं असंय की तुमच्या दोन्ही तटांचं भांडण चुकीच्या जागेवर चाललंय. यादी मोठी की लहान यावर गावातलं जुनं काही वाचत नाही. गेल्या दहाएक वर्षांत गावातलं जे जे जुनं पडलं किंवा पाडलं त्याची एक यादी आधी काढा आणि प्रत्येकाची फाईल मागवा. बांधकाम विभागातल्या क्लार्कला सांगा, तो कुरकुर करेल पण काढून देईल. त्या फायलींत बहुतेक करून चारच कारणं सापडतील: रस्ता रुंदीकरण, धोकादायक इमारतीची नोटीस, भाऊबंदकीतली वाटणी आणि देवळाचा जीर्णोद्धार. आता तुमचं दोन पानी धोरण काढा आणि यातल्या एका तरी गोष्टीवर त्यात एखादं वाक्य आहे का बघा. मी वाचलेल्या अशा बहुतेक ठरावांत नसतं. वारसा म्हणजे काय, तो का जपावा, पुढच्या पिढ्या, सगळं असतं, पण सोमवारी सकाळी इंजिनिअरच्या टेबलावर पाडण्याचा अर्ज आला तर त्यानं काय करायचं ते नसतं.

आधी कायद्याचा भाग उरकून घेऊ कारण तो तसा सोपा आहे, आपण उगाच त्याला घाबरतो. नुसत्या ठरावाला कोर्टात वजन नाही, मालक वकील घेऊन आला की ठराव बाजूला पडतो. वजन येतं ते एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ खाली, डीपी आणि डीसी रूल्समधून (विकास नियंत्रण नियमांतून). त्याच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असावं ते सांगितलंय आणि त्यात ऐतिहासिक, वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागा आणि हेरिटेज इमारती जपण्याचा उल्लेख सरळ आहे. मुंबईनं १९९५ साली पहिल्यांदा असे हेरिटेज नियम केले, ग्रेड एक, दोन, तीन ही भाषा तिथूनच आली. आता मुंबई आणि अजून काही भाग सोडले तर राज्यभर २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेली यूडीसीपीआर, म्हणजे एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि तिच्यात हेरिटेजचे नियम आहेतच. म्हणजे व्याख्या, ग्रेड, समिती हे तुम्ही नव्यानं लिहीत बसू नका, तयार आहे. तुमचं काम यादी नीट करून ती डीपीच्या नकाशाला आणि रिपोर्टला जोडणं. रिव्हिजन सुरू असतानाच हे होऊन गेलं तर ठीक, नाहीतर नंतर कलम ३७ खाली मॉडिफिकेशन, म्हणजे पुन्हा नोटीस, पुन्हा हरकती, मग फाईल मंत्रालयात, आणि ती तिथून कधी परत येईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुसऱ्या तटाला एक गोष्ट समजावून सांगा. लोकांना वाटतं यादीत गेलं की भिंतीत खिळासुद्धा ठोकता येणार नाही. तसं नाहीये. ग्रेड एकला कडक आहे, तिथे इमारत मजबूत करायला जेवढं लागेल तेवढंच करायचं. ग्रेड दोनमध्ये आतले बदल होऊ शकतात. ग्रेड तीनमध्ये तर आतून बाहेरून बदल, वेगळा वापर, त्याच प्लॉटवर जोडबांधकामसुद्धा चालतं, फक्त मूळ इमारतीचा आणि गल्लीचा चेहरा बिघडता कामा नये. आपल्या तालुक्याच्या गावांतले बहुतेक वाडे ग्रेड तीनमध्येच बसतील. मालकाला नोटीस देऊन, त्याचं ऐकून घेऊनच नाव टाका, आणि ती सुनावणी घाईत उरकू नका, तिथेच अर्धा विरोध विरघळतो.

आणि जे तुमच्या हातात नाही ते वेगळं दाखवा. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, हे २०१० च्या दुरुस्तीनंतर पक्कं झालंय. थाळनेरच्या फारुकी कबरी, मुक्ताईनगरजवळचं चांगदेव मंदिर, बलसाण्याची देवळं, पाटण्याचं महेश्वर मंदिर ही सगळी केंद्राकडे. राज्याची संरक्षित स्मारकं १९६० च्या कायद्याखाली, पुरातत्त्व संचालनालयाकडे. तुमच्या हद्दीत असं काही असेल तर या रेषा डीपीच्या शीटवर काढून घ्या. माणूस आयुष्यभराची कमाई घालून प्लॉट घेतो आणि नंतर त्याला कळतं की इथे परवानगी मिळणार नाही, मग तो स्मारकाला शिव्या देतो, त्यात त्याचं काय चुकलं.

आता यादी. जुन्या यादीत "राममंदिरामागची बारव", "पाटलांचा जुना वाडा" असं लिहिलेलं असणार. कोणते पाटील हो? खान्देशात दर दुसरं घर पाटलांचं. प्रत्येक नोंदीला सिटी सर्व्हे नंबर हवा, मालमत्ता पत्रकावरची नावं हवीत, चारी बाजूंचे फोटो तारखेसकट हवेत, आणि त्या जागेत नेमकं काय महत्त्वाचं आहे ते दोन ओळीत. हे शेवटचं फार कामाचं. एखाद्या वाड्याचा फक्त दर्शनी कोरीव लाकडी भाग आणि देवडीच मोलाची असते, मागचे पत्र्याचे शेड उद्या काढले तरी चालतात. हे आधीच लिहून ठेवलं की पुढच्या इंजिनिअरला वाद घालावा लागत नाही आणि मालकालाही मोकळीक मिळते.

यादीत काय घ्यायचं यात मात्र जरा हात सैल सोडा. आपल्याकडे वारसा म्हटलं की किल्ला आणि हेमाडपंती देऊळ, बस्स. खान्देशात बघण्यासारखं बरंच आहे जे कुणाच्याच यादीत नसतं. धुळ्याचंच घ्या, १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जनं ते जिल्ह्याचं ठाणं केलं आणि नवी पेठ सरळ रेषेत आखली गेली, आजही लोक पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असंच सांगतात. तिथे एकेक घर सुटं बघून उपयोग नाही, आख्खी आखणीच वारसा आहे, याला नियमात प्रिसिंक्ट म्हणून जागा आहे. तुमच्याकडे जुनी बाजारपेठ असेल तर तिचाही असाच विचार करा. पांझरेवरचे फड पद्धतीचे बंधारे आणि पाट घ्या, शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली पाणीवाटप, पाटकरी, जागल्या, हवालदार नेमून, शेकडो वर्षं. कापसाच्या जुन्या जिनिंग प्रेस घ्या, तेलाच्या गिरण्या घ्या. विप्रो १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली हे पुण्या-बंगळूरच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. भुसावळची रेल्वे वसाहत, चाळीसगावात कॅमेऱ्याचा जादूगार केकी मूस राहिले तो बंगला, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिरातली हस्तलिखितं. इमारत आणि आतला ठेवा अशी दोन्हींची नोंद करता येते.

त्यात पांढरीबद्दल जरा जास्त सांगतो कारण तुम्ही गिरणेकाठी आहात. गावाजवळचं पांढऱ्या मातीचं टेकाड, ज्याला आपण पांढर म्हणतो, ती बहुतेक वेळा जुनी वस्ती असते. बहाळ तुमच्याच नदीवर, तापीकाठी प्रकाशे, दोन्हीकडे १९५० च्या दशकात उत्खननं झाली आणि तीन हजार वर्षांहून जुन्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांचे थर मिळाले. आणि आपण काय करतो, धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर टाकायला, शेतात टाकायला, वीटभट्टीला, तिथूनच ट्रॉल्या भरतो. पूर्वी बैलगाडीनं जायची तेव्हा एका पिढीत कोपरा झिजायचा, आता जेसीबी एका दिवसात टेकाड सपाट करतो. नगरपरिषद हद्दीतली पांढर डीपीमध्ये सरळ मोकळी जागा म्हणून दाखवा आणि तिथून गौण खनिज उचलायला परवानगी देऊ नये असं तहसीलदारांना पत्र द्या. खर्च शून्य आहे याला.

आता मूळ मुद्दा, नोटीस. नगरपरिषद कायदा १९६५ चं कलम १९५, धोकादायक इमारत. पावसाळ्याआधी मे महिन्यात या नोटिशी छापील फॉर्मवर सरसकट निघतात. त्या काढण्यात सीओचा दोष नाही, उद्या भिंत पडून कुणी गेलं तर गुन्हा त्यांच्यावर. पण तीच नोटीस गावातले सगळ्यात जास्त वाडे पाडते आणि बऱ्याचदा ती मागवलेली असते. मालकाला भाडेकरू काढायचाय, किंवा चार भावांपैकी एकाला जागा बिल्डरला द्यायचीय, मग धाब्याची पन्हाळी तुंबवून ठेवायची, दोन पावसाळे पाणी मुरू द्यायचं, आणि मग स्वतःच अर्ज करायचा की इमारत धोकादायक आहे. शेजारी म्हणतो "पडी जाई भो हाई, आज ना उद्या", सगळे माना डोलावतात.

धोरणात इथे खालच्यासारखं काहीतरी घाला. इमारत रिकामी करणं आणि इमारत पाडणं हे दोन वेगळे निर्णय आहेत असं स्पष्ट लिहा. जीवाला धोका असेल तर रिकामी करायचे अधिकार सीओंना तत्काळ, त्यात हेरिटेज समितीनं आडवं येऊ नये, हे पहिलं वाक्य असू द्या म्हणजे कुणी म्हणणार नाही की तुम्ही दगडांसाठी माणसं मारताय. मग टेकू आणि ताडपत्री, तेही मालकानं केलं नाही तर नगरपरिषदेनं करून खर्च मालमत्ता कराच्या बिलात टाकायचा. कायद्यात हे कसं बसवायचं ते तुमच्या पॅनलवरच्या वकिलाकडून आधीच तपासून घ्या. आणि मग पाहणी. महापालिकांत सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ असे वर्ग करतात, पाडणे, रिकामी करून दुरुस्ती, न हलवता दुरुस्ती, किरकोळ दुरुस्ती. तुमच्या नगरपरिषदेनंही तसेच वर्ग वापरावेत, निदान यादीतल्या इमारतींसाठी. पाडण्याच्या वर्गात टाकायचं असेल तर दगडमाती-विटांच्या भारवाही भिंतींचं काम केलेला इंजिनिअरच हवा असं लिहा. मी असे ऑडिट रिपोर्ट बघितलेत ज्यात मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतीवर रिबाउंड हॅमर मारून ताकद काढलीय, अरे ते यंत्र काँक्रीटसाठी आहे, मातीच्या भिंतीवर ते नापासच दाखवणार. असा रिपोर्ट ग्राह्य धरू नये ही एक ओळ टाकली तरी दोन-चार वाडे वाचतील.

अजून एक, ज्यानं मुद्दाम पडू दिली त्याला फायदा मिळू नये. यादीतली इमारत पडली किंवा परवानगीशिवाय पाडली तर नव्या बांधकामाची उंची आणि दर्शनी भाग जुन्याएवढाच राहील, अशी अट. याला मालक लोक सगळ्यात जास्त विरोध करतील आणि सभागृहातले काही सदस्यही, कारण पेठेतल्या जागा कोणाच्या आहेत ते तुम्हाला माहितीये. मी म्हणेन ही अट सोडू नका, बाकी कुठेही तडजोड करा.

दुसऱ्या बाजूनं दुरुस्ती इतकी सोपी करा की पाडण्यापेक्षा तीच परवडेल. आत्ता उलटं आहे. पाडून नवीन बांधायची फाईल आर्किटेक्ट, एजंट सगळे मिळून पटकन करून देतात, आणि धाबं दुरुस्त करायचं म्हटलं तर क्लार्कला कुठला फॉर्म द्यायचा तेच कळत नाही. यादीत नसलेल्या घराला रंग, गिलावा, कौलं बदलणं अशा किरकोळ कामांना तसंही परवानगी लागत नाही, पण हे कुणी सांगत नाही. एक पानी अर्ज, फी नाही, जसं होतं तसं त्याच मालानं करणार असेल तर सात दिवसात उत्तर, नाही आलं तर मंजूर समजायचं. पण ही मानीव मंजुरी फक्त दुरुस्तीला, पाडण्याला कधीच नाही.

त्या अर्जासोबत कामाचं एक पत्रक द्या, आपल्याच घरांसाठी लिहिलेलं. धाब्याच्या घरात काय होतं, तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. गळायला लागलं की दर उन्हाळ्यात वर अजून माती टाकतात, जुनी कुणी काढत नाही, वजन वाढत जातं आणि एक दिवस तुळई वाकते. तेव्हा मिस्तरी सांगतो लाकूड संपलं, स्लॅब टाका. बऱ्याचदा लाकूड सातपुड्याचं जुनं सागवान असतं, फक्त भिंतीत घुसलेलं टोक कुजलेलं असतं. वरची जादाची माती उतरवली, टोकं बदलली, उतार नीट केला तर छत पुन्हा कामाला येतं. सिमेंटचा गिलावा तर विचारूच नका, आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, क्षार तिथेच साचतात आणि दोन-तीन वर्षांत मागची वीट हातानं भुगा होते, वरून प्लास्टर चकचकीत. जुन्या भिंतीला चुना नाहीतर माती. खाली काळी माती असते, ती पावसात फुगते उन्हाळ्यात आटते, तिच्यावर भिंत थोडी हलणारच, चुना तेवढं सहन करतो, सिमेंट तडकतं. चुना भिजवून मुरवणारे आणि धाबं घालणारे कारागीर अजून आहेत पण म्हातारे झालेत, त्यांची नावं मोबाईल नंबरसकट नगरपरिषदेत ठेवा आणि एखाद्या शाळेच्या किंवा वेशीच्या कामावर पोरं त्यांच्या हाताखाली लावा.

पैशाचं बोलतो. हेरिटेज मालकाला न वापरलेल्या एफएसआयचा (प्लॉटवर जेवढं बांधता येतं त्या प्रमाणाचा) टीडीआर, म्हणजे दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क मिळतो हे नियमात आहे आणि मुंबई-पुण्यात त्याला बाजार आहे. तालुक्याच्या गावात जिथे लोक मूळ एफएसआयच पूर्ण वापरत नाहीत तिथे तो टीडीआर विकत घेणार कोण? धोरणात हवं तर लिहा पण मालकाला त्याचं आमिष दाखवू नका, एकदा फसवल्याची भावना झाली की पुढे कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा मालमत्ता करात सवलत द्या, इमारत राखली असेल तरच आणि दरवर्षी पाहणी करून. ते कायद्यात बसवून शासनाची मान्यता लागत असेल तर घेऊन, नाहीतर ऑडिटला आक्षेपाचा पॅरा निघेल. जिल्हा नियोजनात गडकिल्ले, मंदिरं, संरक्षित स्मारकांसाठी तीन टक्क्यांपर्यंत तरतूद असते, पण तुमच्या स्थानिक यादीतल्या खासगी वाड्याला ती मिळेल असं गृहीत धरू नका. वेस, बारव, जुनी शाळा, टाऊन हॉल हे नगरपरिषदेचं स्वतःचं आहे तिथे मात्र पैसे आणता येतात. फक्त टेंडर सांभाळा. नेहमीच्या एस्टिमेटमध्ये सिमेंट आपोआप येऊन बसतं, चुन्याच्या आयटमचा रेट ॲनालिसिस वेगळा करून टाका, आणि निव्वळ एल-वनवर, म्हणजे सगळ्यात कमी दराच्या टेंडरवर जाऊ नका, आधी असं काम केल्याची अट घाला. गटारीचं काम करणारा ठेकेदार बारवेला लावला की तो आतून फरशी बसवून देतो आणि उद्घाटनाचा फोटो पण छान येतो.

देवळं, दर्गे, मठ यांना नुसती नोटीस पाठवून भागणार नाही, ट्रस्टींना आधी घरी जाऊन भेटा. जीर्णोद्धार लोकवर्गणीतून होतो, भावना असते, तिथे कायदा दाखवला की बिघडतं. दगडावर ऑइलपेंट लावू नका आणि लावलेला सँडब्लास्टनं काढू नका, एवढं ऐकलं तरी मी खूश असतो.

समितीत नगरपरिषदेचा इंजिनिअर, नगररचना खात्याचा माणूस, एक संवर्धन आर्किटेक्ट (गावात नसला तर जळगाव-धुळे-नाशिकहून, त्याचा प्रवासखर्च बजेटमध्ये धरून), एखादा इतिहास जाणणारा मास्तर आणि यादीतल्याच इमारतीचा एक मालक. तो मालक हवाच. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी बैठक.

शेवटी रस्ते. डीपीचा मसुदा करताना पेठेतल्या रुंदीकरणाच्या रेषा बहुतेक वेळा कार्यालयात बसून काढतात, सहा मीटरची गल्ली बारा मीटर केली की दोन्ही बाजूंचे ओटे आणि देवड्या कागदावर तिथेच गेल्या, आणि पुढे कुणी नवीन बांधायला आला की त्याच्याकडून तेवढी जागा सोडून घेतात, म्हणजे गल्ली दातपडकी होते आणि रस्ता रुंद होतच नाही. जुन्या पेठेतल्या गल्ल्यांची आत्ताची रुंदी कायम ठेवा आणि गाड्यांसाठी बाहेरून रस्ता आणि पार्किंग दाखवा, हे नगररचनेच्या अधिकाऱ्यांना आत्ताच लेखी द्या, मोजणीच्या नकाशासकट. मसुदा एकदा प्रसिद्ध झाला की हरकतींचे तीस दिवस आणि नियोजन समितीपुढे तुम्हीसुद्धा बाकीच्यांसारखं रांगेत उभं राहायचं. म्हणून माझ्या मते क्रम असा ठेवा, या महिन्यात पडलेल्या इमारतींच्या फायली आणि गल्ल्यांच्या रुंदी, पावसाळ्याआधी कलम १९५ च्या नोटिशीचा नवा नमुना, आणि यादीचा सर्व्हे दिवाळीनंतर, तेव्हा भिंती कोरड्या असतात आणि मालकही घरी सापडतात.